एका नदीचे दोन उतार

हेळवाकला कोयना वळते. महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघालेली ही नदी साठ-पासष्ट किलोमीटर सह्याद्रीच्या कण्याला खेटून दक्षिणेकडे येते आणि इथे, कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी, एकाएकी पूर्वेला वळते. पुढे पाटण, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, तिथून कृष्णेचे नाव घेऊन सांगली, मग कर्नाटक, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. ती वळते तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. नदी मात्र हजाराच्या वर किलोमीटर चालून दुसऱ्या समुद्राला मिळते, कारण मधे डोंगराची एक भिंत उभी आहे. त्या भिंतीपलीकडे जमीन पायरी तुटावी तशी कोकणात कोसळते.

म्हणजे या पाण्याला दोन उतार आहेत. एक लांबचा आणि संथ, नदीने स्वतः निवडलेला. दुसरा जवळचा आणि कड्याचा, माणसाने तिच्यासाठी डोंगर फोडून काढलेला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत विजेचे, पाण्याचे, उसाचे आणि विस्थापनाचे जे काही घडले, त्याच्या मुळाशी या दोन उतारांमधला फरक आहे. शाळेत ऊर्जेचा धडा आपण गोट्या आणि स्प्रिंगांवर शिकतो. तोच धडा इथे नदी, डोंगर आणि गावे यांच्या मापाने गिरवला गेला आहे.

आधी जुन्या हिशोबापासून सुरुवात करू. वीज येण्यापूर्वी या भागात पाणी वर चढे ते मोटेने. विहिरीच्या काठावर धाव असे, बैलजोडी नाडा ओढत त्या उतारावरून खाली जाई, कातड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. धाव उताराची का, याचे उत्तर कुठल्याही शेतकऱ्याला पाठ होते: खाली उतरताना बैलाचे स्वतःचे वजनही कामाला येते. बैल उंची गमावतो, पाणी उंची मिळवते. भौतिकशास्त्र ज्याला स्थितिज ऊर्जा म्हणते ती हीच, वस्तूला तिच्या उंचीमुळे मिळालेली काम करण्याची क्षमता. शंभर लिटर पाणी दहा मीटर वर काढले की त्यात ९,८०० जूल ऊर्जा साठते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा अशा ३६७ मोटा काढल्या की एक युनिटभर काम झाले. आपण काही रुपयांत जे युनिट वापरून विसरतो, ते बैलांच्या दिवसभराच्या घामाइतके जड आहे. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पुन्हा तपासून पाहिला, इतका तो खरा वाटेना.

मोटेची जागा घेणारे यंत्रही याच भागात घडले. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. आजची ती सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. आधी लोखंडी नांगर, मग उसाचे चरक आणि पुढे पाणी उपसणारे पंप. पण पंप म्हणजे ऊर्जा रूपांतरित करणारे यंत्र, ऊर्जेचा झरा नव्हे. त्याला फिरवायला काहीतरी हवे, बैल, तेल किंवा वीज. ते ‘काहीतरी’ सह्याद्रीच्या कड्यावर आहे, हे पहिल्यांदा टाटांनी ओळखले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि लोणावळ्याच्या डोंगरावरचे पावसाळी पाणी मुंबईच्या गिरण्या फिरवू लागले. कोयनेवरही टाटांची नजर गेली होती, पाहणीही झाली. महायुद्धानंतरच्या मंदीत ती योजना बारगळली. त्याच काळात मुळशीला सेनापती बापट धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले होते. पाणी कोणाच्या जमिनीवर साठवायचे आणि वीज कोणाच्या घरी जाणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. त्याचे उत्तर न देताच पुढची धरणे बांधली गेली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने कोयना हाती घेतली. देशमुखवाडीजवळ ८०७ मीटर लांब आणि पायापासून १०३ मीटर उंच धरण उभे राहू लागले. नवजाजवळ डोंगराला भोक पाडून बोगदा नेला आणि पलीकडे पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात, वीजघर कोरले. पोफळी रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणच्या बाजूला. धरण साताऱ्याचे, वीजघर कोकणातले, आणि मधे पावणेपाचशे मीटरची उंची. १९६२ साली पहिल्या टप्प्याची वीज वाहू लागली. कऱ्हाडला वाढलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा नव्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि कोयनेकडे सारे राज्य वरदायिनी म्हणून पाहत होते.

शिवसागर जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावे गेली. माणसे सातारा, सांगली, सोलापूरपासून ठाणे-रायगडपर्यंत पांगली. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांचे जमिनीचे हक्क पुढच्या पिढ्यांनाही लढून मागावे लागले. त्यांची मुले-नातवंडे आजही धरणग्रस्त म्हणूनच ओळखली जातात. कोयनेची वीज मोजताना हा खर्च मीटरवर येत नाही, म्हणून तो इथे लिहून ठेवतो.

आता पोफळीला नेमके काय होते ते पाहू. दहा लिटरची एक घागर घ्या. तेवढे पाणी जलाशयातून पोफळीपर्यंत ४७५ मीटर खाली आले तर त्यातून साधारण ४६,५०० जूल ऊर्जा मोकळी होते. पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन जातीची चाके आहेत. त्यांच्या वाट्यांवर पाण्याचा फवारा आदळतो त्या क्षणी, घर्षण सोडून दिले तर, त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असतो. उंचीची ऊर्जा वेगाची झाली, स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा झाली. चाकाला सगळा वेग देऊन पाणी जवळजवळ थबकून खाली पडते, चाकाच्या दांड्यावर चुंबक फिरतो, तारांच्या वेटोळ्यात वीज उठते. वाटेतली गळती वजा केली तरी त्या एका घागरीवर नऊ वॅटचा बल्ब सव्वा तास चालतो.

आणि डोंगर फोडला नसता, पाणी कड्यावरून तसेच कोसळले असते तर? ती ऊर्जा गेली कुठे असती? या प्रश्नाने एका इंग्रज माणसाला आयुष्यभर झपाटले होते. जेम्स जूल हा मँचेस्टरजवळच्या मद्याच्या कारखानदाराचा मुलगा. त्याने वजन खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. आपली मोट पाणी वर काढी, त्याचे वजन खाली येई, हिशोब एकच. १८४७ च्या उन्हाळ्यात त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि तो आल्प्समध्ये फिरायला गेला होता. तिथे त्याला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, वाटेत भेटले. थॉमसन यांनी नंतर सांगितलेली आठवण अशी की जूलजवळ थर्मामीटर होता आणि धबधब्याच्या वरचे व खालचे पाणी किती अंशांनी वेगळे आहे ते त्याला मोजायचे होते. तुषार इतके उडत की ते मोजणे साधले नाही. पण हिशोब बरोबर होता. कोयनेचे पाणी कड्यावरून ४७५ मीटर कोसळले तर ते फक्त १.१ अंश सेल्सिअसने तापेल. संबंध मुंबई उजळणारी ऊर्जा दगडावर आपटून एका अंशाच्या उबेत विरून जाईल, नाहीशी मात्र होणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तो हाच. आणि एकदा अशी कोमट पाण्यात विखुरली की ती पुन्हा गोळा करून बल्ब लावणे जमत नाही, ही मात्र उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाची कडू बाजू.

पाणी वर कोणी नेले, हेही विचारायला हवे. नदीने ते वर नेले नाही, सूर्याने नेले. एक लिटर समुद्राचे पाणी वाफ करायला सुमारे २४ लाख जूल लागतात. त्या लिटरातून पोफळीला मिळतात साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे पाचशेतला एक भाग. उरलेले कुठे गेले? वाफेचा ढग होताना ते हवेला परत मिळाले, आणि त्या उष्णतेवर मोसमी वारे आणखी जोर धरतात. नवजाला वर्षात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तो या कारखान्याचा माल. ते वारे डोंगर ओलांडताना रिते होतात आणि आटपाडी-जतला पोहोचतात तेव्हा त्यांच्या ओंजळीत फारसे काही उरत नाही. दीडेकशे किलोमीटरच्या आत पावसाचा हा दहापट फरक पडतो. पुढची सगळी गोष्ट या फरकातून निघाली आहे.

पण त्याआधी ११ डिसेंबर १९६७.

पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. थंडीत दारे झाकून माणसे झोपली होती. दगडमातीच्या भिंती त्यांच्यावर आल्या. कोयनानगर काही सेकंदांत भुईसपाट झाले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले. धरणातल्या मापकाने नोंदवलेला आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता. असे हिसके सोसण्याच्या हिशोबाने ते बांधलेले नव्हते, तरी ते उभे राहिले, आणि त्यामुळे कऱ्हाड-सांगली वाचली. वीजघर बंद पडले आणि मुंबईचे कारखाने थबकले. धक्का पुणे, मुंबई, गोव्यापर्यंत जाणवला होता.

धरणाने भूकंप केला, असे तेव्हापासून बोलले जाते. जलाशयामुळे उद्भवलेल्या जगातल्या भूकंपांत हा सर्वांत मोठा मानला जातो, हे खरे आहे. पण ‘केला’ या शब्दाकडे नीट पाहायला हवे. त्या पहाटे मोकळी झालेली ऊर्जा पाण्याची नव्हती, खडकाची होती. भारताचा भूखंड उत्तरेला रेटला जातो आहे आणि त्या रेट्याने जमिनीतला खडक ताणलेल्या धनुष्यासारखा वाकलेला राहतो. धनुष्यात जशी ऊर्जा साठते, स्थितिस्थापक ऊर्जा, तशी खडकातही. जुन्या भेगांच्या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून ठेवतात. वर जलाशय भरला, पाणी भेगांतून खोल झिरपले, आतला दाब वाढला आणि पकड ढिली झाली. बंदुकीचा चाप ओढायला बोटाची जेवढी ताकद लागते, तिचा गोळीच्या ताकदीशी काही हिशोब नसतो. धरणाने चाप ओढला. तेवढ्याने त्याची जबाबदारी संपत नाही, पण जमिनीखाली भरलेली बंदूक होती, हे समजल्याशिवाय कोयनेचे पुढचे संशोधनही समजत नाही.

मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा अंदाज भूकंपाच्या तीव्रतेवरून करता येतो. तीव्रता ६.३ धरली तर गुटेनबर्ग आणि रिश्टर यांच्या सूत्राने लाटांमधून बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे पाच कोटी युनिट भरते. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता आहे १,९६० मेगावॅट. सगळी यंत्रे पूर्ण ताकदीने एक दिवस चालली तर वीज होते पावणेपाच कोटी युनिट. म्हणजे त्या पहाटेचा भूकंप आणि कोयनेचा एक दिवस, ऊर्जेच्या तराजूत जवळजवळ सारखे. एक चोवीस तासांत तारांवरून घरोघर जाते, दुसरी काही सेकंदांत पायाखालून गेली. ऊर्जा किती, हा एक प्रश्न, आणि ती किती वेगाने बाहेर पडली, हा दुसरा. भौतिकशास्त्रात या दुसऱ्याला शक्ती म्हणतात. या दोन शब्दांतला फरक इतक्या क्रूरपणे शिकवणारे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

इथले धक्के तेव्हापासून थांबलेले नाहीत. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी आपली सारी कारकीर्द या टापूला दिली. कऱ्हाडला आता यासाठीच एक प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ साली कोयनेच्या खोऱ्यात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सव्वा किलोमीटर काळा कातळ, मग खाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक. भेगा जिथे ताण साठवतात तिथवर जाऊन बघायचे, असा हा उद्योग आहे. बाहेर त्याची फारशी चर्चा होत नाही, व्हायला हवी.

धरण दुरुस्त झाले, मागून काँक्रीटचे टेकू देऊन भक्कम केले गेले. अलोऱ्याचा तिसरा टप्पा सत्तरच्या दशकात आला. पोफळीचे वापरलेले पाणी कोळकेवाडीला अडवून ते आणखी शंभराहून अधिक मीटर खाली टाकले. चौथा टप्पा सर्वांत मोठा, एकटा हजार मेगावॅटचा. त्याच्या बोगद्याला पाणी द्यायचे तर भरल्या जलाशयाच्या तळाला भोक पाडावे लागणार होते. १३ मार्च १९९९ रोजी ते केले गेले: बोगदा तळाच्या खडकापर्यंत आणून शेवटचा दगडी बूच सुरुंगाने उडवला. सुरुंगातली रासायनिक ऊर्जा क्षणात मोकळी झाली आणि पाणी स्वतःच्या दाबाने आत शिरले. लेक टॅपिंग हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला तो तेव्हा. २०१२ च्या एप्रिलमध्ये असाच दुसरा स्फोट झाला. चौथ्या टप्प्याची चारही यंत्रे चालतात तेव्हा सेकंदाला सुमारे अडीचशे घनमीटर पाणी डोंगरात जाते. कोळशाचे केंद्र तापायला तास लागतात, कोयना मिनिटांत उठते. संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात, तेव्हा ही उंचीवर साठवून ठेवलेली ऊर्जा कामाला येते. जलाशय ही एका अर्थी राज्याची बॅटरी आहे.

पण बॅटरीतले पाणी पश्चिमेला गेले की ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळते. पूर्वेच्या सांगलीला त्याचा थेंब मिळत नाही. कृष्णा पाणीवाटपासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने म्हणून मर्यादा घातली: वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याहून जास्त पश्चिमेला वळवायचे नाही. आजच्या १०५ टीएमसीच्या धरणातला हा मोठा हिस्सा. पोफळीच्या उंचीने त्याचा गुणाकार केला तर गळती सोडून २४७ कोटी युनिट. पूर्वेला सोडलेल्या पाण्यालाही धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, ४० मेगावॅटचे. तिथून सांगलीकडे २,१०० क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) पाणी सुटते. पण तिथे पाणी साठ-सत्तर मीटरच खाली येते. त्याच घनमीटर पाण्यातून पोफळीच्या सातव्या हिश्शाइतकीच वीज मिळते.

त्यावरून कोणी म्हणेल की पश्चिमेचा उतारच शहाणपणाचा. म्हणायच्या आधी टेंभूला जावे. कऱ्हाडच्या खाली कृष्णेकाठचे हे गाव, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. आज ते नाव दुष्काळी भागात वेगळ्याच कारणाने घराघरात आहे. इथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोल्याकडे नेले जाते. ताकारी आणि म्हैसाळ या टेंभू योजनेच्या थोरल्या बहिणी. म्हैसाळचे पाणी मिरजेकडून जतच्या माळापर्यंत चढते. मोटेचाच हिशोब, फक्त विहीर एका नदीएवढी आणि थारोळे चार तालुक्यांएवढे. एक टीएमसी पाणी शंभर मीटर वर चढवायला निसर्गाचा किमान दर आहे ७७ लाख युनिट. पंपाची, मोटरची आणि पाइपातल्या घर्षणाची तूट धरली की ते कोटीच्या घरात जाते, आणि इथे चढ शंभर मीटरवर थांबत नाही. बिले थकली, वीज तोडली, आवर्तन बंद पडले, ही बातमी या भागाने वर्षानुवर्षे वाचली आहे. आंदोलने झाली, मोर्चे निघाले. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या त्यांनी जूल हा शब्द कधी ऐकला नसेल, पण पाणी वर चढवायची किंमत त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.

उंचीवरून सोडताना जे पाणी वीज देते, तेच चढवताना वीज मागते. एका खोऱ्यात दोन्ही चालते. हा वेडेपणा नव्हे. आटपाडीच्या डाळिंबाला मिळालेले पाणी आणि वाशिष्ठीवाटे समुद्रात गेलेले पाणी जूलच्या मापाने एकच असेल, त्या माळावर राहणाऱ्याला ते एक नाही. सांगलीच्या उसाचेही तसेच आहे: पान सूर्याची ऊर्जा साखरेत बांधते, कारखाना रस काढून उरलेले चिपाड जाळतो, वाफ होते, वीज होते, थोडी ग्रीडवर जाते. पण उसासाठी पाणी वर चढवायला आधी किती वीज गेली ते त्या हिशोबात कोणी मांडत नाही. मांडायला हवे, असे मला मनापासून वाटते. ऊस विरुद्ध ज्वारी हे भांडण तेव्हा युनिटांत दिसू लागेल.

जलाशयाच्या वर, वनकुसवड्याच्या पठारावर, गेल्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या आल्या. ११५० मीटर उंचीवर, ढगांत बुडणाऱ्या. सांगलीकडे ढालगावलाही त्यांची रांग उभी राहिली. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. म्हणून वनकुसवड्याच्या पवनचक्क्या मधल्या मोकळ्या माळावर न लावता कड्यावर, जिथे मोसमी वारा डोंगराला धडकून वर चढतो तिथे, लावल्या आहेत. खाली पाण्याला उचलून आणणारा वारा वर पाती फिरवतो. पावसाळ्यात दोन्ही ऐन भरात असतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा टेंभूचे पंप सर्वांत जास्त वीज मागतात, तेव्हा जलाशय खाली गेलेला असतो.

२०२३ साली पाऊस ओढला आणि कोयना भरली नाही. मग दरवर्षी शांतपणे होणारी वाटणी अचानक सगळ्यांच्या तोंडी आली: पोफळीला किती, सांगलीला किती. वीजनिर्मितीच्या पाण्याला कात्री लावून पूर्वेला पाणी राखले गेले, तरी कृष्णा कोरडी पडू लागल्याच्या तक्रारी सांगलीतून येत राहिल्या. धरणाच्या पायथ्याचे दार उघडले की २,१०० क्युसेक पाणी हेळवाकच्या त्या वळणावरून पूर्वेला निघते, पाटण आणि प्रीतिसंगम ओलांडून टेंभूच्या बंधाऱ्याला टेकते. तिथे पंपगृहात कोणीतरी बटण दाबतो आणि पाणी पुन्हा चढायला लागते.